भुशावर चढलेला लाल

माझा डोळा खोटं बोलत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तोंडाची खात्री मी देत नाही. तोंडाने मी दिवसातून चार वेळा खोटं बोलते, 'उद्या नक्की माल देते' म्हणताना तर पापणीसुद्धा लवत नाही. पण रंग बघायला उभी राहिले की थाप मारणं मला जमत नाही. लोकरीच्या दोन लाल लडी समोर धरा, तुम्हाला एकसारख्या दिसतील, मी सांगेन ही सकाळच्या टाकीतली आणि ही दुपारच्या. फरक सापडला की माझी डावी भुवई आपोआप वर जाते. हे मला माझ्या थोरल्या नणंदेने सांगितलं. त्या माणसाचं बारकाईने बघतात, विशेषतः माझं.

आमचा लोकर रंगवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांब शेड, चार टाक्या, एक बॉयलर आणि अकरा बाया. बॉयलर आमचे हे बघतात, रंग मी बघते. मुलगा माल पोचवायला सतत बाहेरगावी. आणि सून शाळेत विज्ञान शिकवते. लग्न होऊन वर्ष झालं, पोरगी गुणाची आहे, पण भाजीत मीठसुद्धा चमच्याने मापून घालते. मी आयुष्यभर सगळं मुठीने टाकत आलेय. माझी मूठ म्हणजेच माप. त्यामुळे आमचं दोघींचं स्वयंपाकघरात जे काय चालतं, ते तुम्ही समजून घ्या.

तर सोमवारी दहाच्या सुमाराला पाण्याची तपासणी करणारे साहेब आले. बरोबर लाकडी पेटी, पेटीत काचेच्या नळ्या. शेडच्या मागे, जिथे आमच्या धुण्याच्या टाकीचं पाणी पाइपातून ओढ्यात पडतं, तिथे वाकून त्यांनी एक नळी भरली आणि उजेडात धरली.

"सुंदर लाल आहे," ते म्हणाले.

"आहेच मुळी!" मी म्हटलं. "असा लाल या भागात दुसरं कुणी काढून दाखवावा."

मागे आमचे हे जोरात खोकले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "हा लाल ओढ्यात जातोय." आणि त्यांनी पेटीतून कागद काढला. शनिवारी दुपारी बारापर्यंत पाइपातून पडणारं पाणी बिनरंगाचं झालं नाही, तर कारखान्याला सील. यंत्राने मोजलेला आकडा नंतर येईल, पण शनिवारी ते स्वतः येऊन डोळ्यांनी बघणार, आणि ज्याने तक्रार केली त्याची सही घेणार.

"कुणी केली तक्रार?" माझा आवाज चढला.

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. नाव वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरली नणंद!

आता नणंदबाईंचं सांगते. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांची लाँड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलचे टॉवेल, सगळं पांढरं काम. पंप ओढ्यात. महिन्याभरापूर्वी त्यांच्या तीस चादरी गुलाबी निघाल्या. हॉस्पिटलवाल्यांनी आणून समोर टाकल्या. तेव्हा नणंदबाईंनी मला निरोप पाठवला होता, मी खरं सांगते, मी हसले होते. 'गुलाबी रंगाला लोक जादा पैसे देतात म्हणावं.' तेव्हापासून त्यांनी पंप बंद केला, नळाच्या करंगळीएवढ्या धारेवर काम करतात, आणि माझ्याशी बोलणं टाकलं. मला पाण्यात बघतात म्हणा ना. आणि आता बघायला पाणी मीच पुरवलेलं.

साहेब गेल्यावर मी स्टुलावर बसले. अकरा बाया टाक्या सोडून माझ्याकडे बघत उभ्या. तीस वर्षांपूर्वी एक टाकी आणि मी, एवढ्यावर सुरू केलेलं काम.

"बंद करून टाकू पाइप," हे म्हणाले.

"आणि पाणी कुठे ठेवायचं? तुमच्या खिशात?"

सूनबाईला शाळेची आठवडाभर सुट्टी होती. ती डबा घेऊन आली होती, तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आई, शेजारी सुताराकडे भुसा पडलाय ना, तो वापरून बघू या. लाकडाचा भुसा, फळांची सालं, असल्या टाकाऊ गोष्टी पाण्यातला रंग शोषून घेतात. मी वाचलंय. मोठी यंत्रं घ्यायची गरज नाही."

"भुसा?" मी म्हटलं. "तीस वर्षांच्या रंगाला भुसा? अगं, तो तुझ्या डोक्यात भरलाय की काय?"

बायका खुसखुसल्या. पोरीचा चेहरा उतरला, पण गप्प बसली नाही. "डोक्यातला नको," म्हणाली, "सुताराकडचा बराच आहे." मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. म्हटलं, आण बाई तुझा भुसा, तेवढाच आमच्या दुःखात विरंगुळा.

सुतार तर खूष. त्याच्या मागच्या अंगणात कमरेइतका ढीग साचला होता, कुणी नेला तर बरंच. आम्ही पाच पोती ओढून आणली. सूनबाईने काचेच्या बरणीत आमचं लाल पाणी घेतलं, त्यात दोन चमचे भुसा टाकला, आणि घड्याळ लावून ढवळत बसली. तासाभराने गाळून बरणी खिडकीत ठेवली. मी वाकून बघितलं.

पाणी लाल होतं ते होतंच, वर तपकिरीही झालं होतं.

"झालं!" मी म्हटलं. "आधी नुसता लाल होता. आता चहा झाला. साहेबांना कपातून देऊ."

सूनबाई बरणीकडे बघत राहिली. मला तिची कीव आली, आणि कीव आली की मी जास्तच टोचून बोलते, खोड आहे माझी. "अगं, कोरी लोकर न धुता कुणी टाकीत घालतं का? तेलकट, मळकट, तशीच? आधी धुवायची, मग..." आणि मी मध्येच थांबले. भुसा तरी कुठे धुतला होता?

ही माझी पहिली ठिणगी. मी काही वाचलेलं नाही, मला फक्त माझं काम येतं. मंगळवारी सकाळी मी बायकांना कामाला लावलं. गरम पाण्यात भुसा, काठीने ढवळायचा, पाणी ओतायचं, परत गरम पाणी. पहिलं पाणी काळं, दुसरं चहा, तिसरं फिका चहा. सातव्या पाण्याला मी भांडं उजेडात धरलं आणि म्हटलं, बास, आता याच्यात लाकडाचा रंग उरला नाही. सूनबाईने नवी बरणी केली. तपकिरी गेलं! पण लाल होता तिथेच. फार तर एक शेड कमी. मला दिसला, तिला नाही दिसला.

"थोडा घेतोय," मी म्हटलं.

"थोड्याने काय होणार?" ती म्हणाली. दिवसभर तिने बरण्या मांडल्या. भुसा जास्त, भुसा कमी, एक तास, दोन तास. वहीत आकडे. संध्याकाळपर्यंत खिडकीत नऊ बरण्या, नऊही लाल. नणंदबाई ओढ्यापलीकडच्या रस्त्याने गेल्या, त्यांनी खिडकीकडे बघितलं असणारच.

बुधवारी ते घडलं. आणि घडलं ते आमच्या ह्यांच्या धांदरटपणामुळे, हे मी मुद्दाम सांगते, कारण ते स्वतः सगळीकडे वेगळं सांगतात.

चार नंबरच्या टाकीत लाल लडी शिजत होत्या. लोकरीच्या टाकीत आम्ही आंबट घालतो. व्हिनेगरमध्ये असतं तेच, कॅनमधून जरा कडक येतं. त्याचं मोठं नाव आहे, पण आम्ही नुसतं आंबट म्हणतो. आंबट दिल्याशिवाय लोकर रंग धरत नाही, ही या धंद्यातली पहिली शिकवण. तर मी नुकतं आंबट टाकलं होतं, पुढची मूठ अजून बाकी होती, तेवढ्यात ह्यांनी टाकीखालचा नळ बंद करायचा तो उलटा फिरवला, आणि बादलीभर लाल, गरम, आंबट पाणी भसकन जमिनीवर! बायका ओरडत बाजूला. ह्यांनी आपलं अक्कलहुशारीने धुतलेल्या भुशाचं घमेलं उचललं आणि सांडलेल्यावर पालथं घातलं.

"माझा धुतलेला भुसा!" मी ओरडले. "सात पाणी दिलेला! त्याला काय फरशी पुसायला आणलाय?"

"सांडलंय, सुकवायला नको?"

मी तोंड सोडलं ते सोडलंच. पाचएक मिनिटं मी बोलत होते, त्यातलं काही छापण्यासारखं नाही. बोलता बोलता खाली बघितलं. भुशाच्या ढिगातून एक बारीक धार मोरीकडे चालली होती. मी बोलायची थांबले. आमचे हे घाबरले, कारण मी मध्येच थांबत नाही.

धार स्वच्छ होती.

मी गुडघ्यावर बसले. मूठभर भुसा उचलला. लाल! मिरचीच्या पुडीसारखा लाल. तळहातावर दाबला, पाणी निथळलं, हाताला रंग नाही. बोटांनी चोळला, सुटत नाही.

"चढला!" मी किंचाळले. "अगं सूनबाई, धाव! चढला गं, चढला!"

पोरगी धावत आली, तिला वाटलं कुणी टाकीत पडलं. मी तिच्या नाकासमोर मूठ उघडली. "बघ! तू काल दिवसभर काय करत होतीस? पाण्यातून रंग काढत होतीस. रंग असा काढून निघत नसतो गं! रंग चढवायचा असतो. भुसा म्हणजे लोकर समज. लोकर आहे ही, लाकडाची लोकर! हिला आंबट पाहिजे!"

तिचे डोळे एवढे मोठे झाले. "धुण्याच्या टाकीत आंबट नसतंच," ती म्हणाली. "साधं पाणी असतं. म्हणून तो रंग परत पाण्यातच... आई! आई, तुम्ही हुशार आहात!"

"हे तुला आज कळलं?" मी म्हटलं. पण खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की मी तिला मिठीच मारली, लाल हातांनी, तिच्या पिवळ्या कुर्त्यावर. पाठीवर माझे दोन पंजे उमटले. नाही निघाले ते.

दुपारपर्यंत तीन बरण्या. धुतलेला भुसा, वर आंबट. अर्ध्या तासात फिका, तासाभरात गुलाबी, दीड तासाने बरणीतून पलीकडची खिडकीची कडी दिसायला लागली. बायका टाळ्या वाजवत होत्या. हे सगळ्यांना सांगत होते की भुसा टाकायची कल्पना त्यांचीच. मी म्हटलं, नळ उलटा फिरवायची तेवढी तुमची.

बरणीत झालं म्हणजे पाइपात झालं असं नाही. गुरुवारी आम्ही मोठी पिंपं मांडली, एकाखाली एक तीन. पहिल्यात धुण्याचं लाल पाणी, भुसा आणि आंबट, चांगलं ढवळायचं, मग गोणपाटातून गाळून दुसऱ्यात, तिथे ताजा भुसा, मग तिसऱ्यात. सूनबाई कागदाच्या पट्ट्या बुडवून आंबट किती ते बघत होती, मी हाताने टाकत होते. आमची जोडी जमली होती. मी बाह्या सरसावून काठी घेतली. तीस वर्षांत इतकी मजा मला आली नव्हती, मी त्या पोरीला गाणं म्हणायला लावलं.

आणि तीन तासांनी तिसऱ्या पिंपाच्या तोटीतून पाणी आलं, लाल.

फिका वगैरे नाही, चांगला ठणठणीत लाल.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. परत ढवळलं. परत भुसा. आणखी आंबट. चार वाजेपर्यंत हात भरून आले आणि पिंपातला लाल माझ्याकडे बघून हसतोय. "हा भुसाच खराब!" मी ओरडले. "सुताराने लाकूड बदललं. नाहीतर तुझ्या पट्ट्या शिळ्या. बरणीत जादू दाखवलीस आणि पिंपात तोंडघशी पाडलंस मला!" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काठी फेकली, तिचा मोठा आवाज झाला.

सूनबाईने नाक पुसलं, वही उघडली आणि बोट ठेवून विचारायला लागली. मास्तरीण आहे शेवटी. "आई, पहिल्या पिंपात काय काय टाकलंत? एकेक सांगा."

"पाणी."

"मग?"

"भुसा. सात पाणी दिलेला."

"मग?"

"आंबट. तू बघितलंस की."

"मग?"

"मग काय, नेहमीचं. चार मुठी मीठ."

"मीठ?" तिचं पेन थांबलं. "बरणीत तर मीठ नव्हतं."

"बरणीत तू टाकत होतीस, तुला काय कळतंय. टाकीला मीठ लागतंच." रंगाचं वेगळं मीठ येतं, पोत्याने, टाकीशेजारीच उभं असतं. आंबट टाकलं की पुढची मूठ मिठाची, हात आपोआप जातो.

"पण कशासाठी लागतं, आई?"

"कशासाठी म्हणजे? रंग घाईने चढू नये म्हणून. मीठ रंगाला धरून ठेवतं, सावकाश सोडतं. नाहीतर लडीवर डाग पडतात, एकीकडे गडद, एकीकडे फिका, आणि गिऱ्हाईक..."

माझी नजर मिठाच्या पोत्याकडे गेली.

सूनबाई माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ थरथरायला लागले, मला वाटलं परत रडते की काय. पण ती हसू दाबत होती.

"आई," ती म्हणाली, "भुशावर डाग पडले तर कोण तक्रार करणार आहे?"

आधी एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग मीच कपाळाला हात लावला आणि हसत सुटले, इतकी की खाली बसावं लागलं. तीस वर्षांचा माझा हात! फेकून द्यायचा भुसा, आणि मी त्याला लग्नाच्या शालीसारखा एकसारखा रंगवत होते! पिंपातला रंग पाण्यात थांबला होता, कारण मीच त्याला थांब म्हणून सांगितलं होतं.

"आंबटामुळे भुशावर रंगाला बसायला जागा होते," सूनबाई म्हणाली, "आणि मीठ त्याच जागा अडवून बसतं. असं असणार."

"असं असणार काय, असंच आहे. आणि ऐक," मी म्हटलं. हे म्हणताना जीभ जरा जड झाली. "मघाशी बोलले ते मनात ठेवू नकोस. मूठ माझी चुकली. उद्यापासून माप तुझं."

मिठाचं पोतं मी स्वतः ओढत शेडच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं, आणि ह्यांना त्यावर बसवलं. म्हटलं, मी जवळ आले तर हाकला.

शुक्रवारी सगळं पहिल्यापासून. भुसा मोजून, आंबट मोजून. मी नुसती ढवळत होते, आणि दोनदा माझा हात आपसूक उजवीकडे गेला, दोनदा बायकांनी 'आई गं, मीठ!' म्हणून आरडाओरडा केला. पहिल्या पिंपातून गुलाबी आलं. दुसऱ्यातून उगाच नावाला. तिसऱ्याची तोटी सूनबाईने सोडली, आणि मी डोळे मिटून घेतले. मला बघवेना.

"आई, बघा."

बघितलं. पेल्यात पाणी होतं. नुसतं पाणी.

मी पेला तोंडाला लावणार होते, तिने हात धरला. "वेड्या आहात का? आंबट आहे ते! आणि आंबट पाणी ओढ्यात सोडलं तर साहेब वेगळ्या कारणाने सील लावतील." मग शेवटच्या पिंपात थोडा थोडा सोडा, दर वेळी पट्टी, पट्टीचा रंग मधोमध येईपर्यंत. ते काम तिचंच, मी मध्ये बोललेसुद्धा नाही. रंगलेला भुसा आम्ही छपराखाली पत्र्यावर पसरून वाळत घातला, त्याचं पुढे काय करायचं ते साहेबांना विचारून. ढीग असा काही तांबडा लाल झाला होता की मी येता-जाता बघत होते. डाग होते, पण चढला काय झकास होता!

शनिवारी बाराला दहा कमी असताना साहेब आले. त्यांच्या मागोमाग नणंदबाई, इस्त्रीची कडक साडी, हातात पाण्याची बाटली.

"ताई, या, बसा," मी म्हटलं.

"बसायला आले नाही," त्या म्हणाल्या. "साहेब, ही माझ्या नळाची बाटली. असं पाणी मला पाहिजे. हिच्याहून एक तसूभर रंगीत असेल तर माझी सही मिळणार नाही. चादरी माझ्या जातात."

साहेबांनी पाइपाखालून नळी भरली. उजेडात धरली, फिरवली. "मला तर काही दिसत नाही," म्हणाले. बायकांमध्ये कुजबुज झाली. माझा जीव भांड्यात पडतोय तोच नणंदबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही दिसणार. मलाही नाही दिसणार. चादर वाळली की दिसतं. हिला विचारा."

"कुणाला?"

"माझ्या भावजयीला. ती तोंडाने काहीही सांगेल, पण तिचा डोळा खोटं बोलत नाही. तीन नळ्या भरा. एक हिच्या पाइपाची, एक माझ्या नळाची, एक तुमच्याकडच्या शुद्ध पाण्याची. खाली चिठ्ठ्या लावा. तिने स्वतःचं पाणी ओळखलं, तर त्यात रंग आहे."

"आणि मी मुद्दाम ओळखलं नाही तर?" मी म्हटलं.

"तुझी भुवई बघायला मी इथे उभी आहे," त्या म्हणाल्या.

साहेबांना हे आवडलेलं दिसलं. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागे काचा किणकिणत होत्या. मग त्यांनी हाक मारली. खिडकीत पांढरा कागद, कागदासमोर तीन नळ्या.

पहिली बघितली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरी.

तिसरीत होतं. केसाएवढं. पिवळं, किंचित तपकिरीकडे झुकलेलं. चहा! पहिल्या दिवशीचा तो मेला चहा! भुसा सात पाण्यांत धुतला होता, आठवं पाणी द्यायला हवं होतं. मागे दारात अकरा बाया. सूनबाई खिडकीशी, दोन्ही हात तोंडावर. एक शब्द, 'कळत नाही' एवढाच बोलायचा होता. रोज चार वेळा खोटं बोलणारी मी, मला पाचवं का जड जावं?

पण भुवई वर गेली होती. आणि खरं सांगू का, भुवईचं सोडा, समोर रंग दिसत असताना दिसत नाही म्हणणं मला मेल्यावरच जमेल.

"ही," मी म्हटलं, आणि तिसऱ्या नळीवर बोट ठेवलं. "हिच्यात पिवळी झाक आहे. ही आमची."

सूनबाई मटकन स्टुलावर बसली. आमच्या ह्यांनी मिठाच्या पोत्यावरून उठून परत बसकण मारली.

साहेबांनी नळी उचलली, खालची चिठ्ठी वाचली. मग नणंदबाईंकडे बघितलं.

"ही तुमच्या नळाची आहे," ते म्हणाले.

"काय?" नणंदबाईंनी नळी हातातून हिसकावून घेतली. खिडकीत धरली, डोळ्यांजवळ नेली. "पिवळं? माझं?"

"जुने लोखंडी पाइप असतील, गंज उतरत असणार," सूनबाईच्या तोंडून निघून गेलं. कुठल्याही वेळी शिकवल्याशिवाय राहवत नाही तिला.

"तरीच!" नणंदबाई म्हणाल्या. "तरीच महिनाभर चादरी कळकट दिसतायत! मी साबणवाल्याशी भांडतेय!" मग त्यांनी नळी खाली ठेवली, आणि उरलेल्या दोन माझ्यासमोर सरकवल्या. आवाज एकदम हळू झाला. "यातली तुझी कोणती?"

मी दोन्ही घेतल्या. खिडकीत धरल्या. उजवी, डावी. कागदावर आडव्या धरल्या. दाराबाहेर उन्हात नेल्या, परत आत आणल्या. डोळे ताणून ताणून पाणी आलं, पुसलं, परत बघितलं. नणंदबाई माझ्या कपाळाकडे टक लावून होत्या. एका हातात साहेबांच्या बाटलीतलं शुद्ध पाणी होतं, एका हातात माझ्या तीस वर्षांच्या लालचं धुवण. कोणतं कुठलं, मला सांगता येईना.

"नाही ओळखता येत, ताई," मी म्हटलं, आणि मी रडायलाच लागले, सगळ्यांसमोर, लहान मुलीसारखी. "देवाशपथ, नाही ओळखता येत!"

नणंदबाईंनी आणखी एक क्षण माझी भुवई बघितली. मग साहेबांकडे हात पसरला.

"पेन द्या," त्या म्हणाल्या. आणि सही करता करता, मान वर न करता, सूनबाईला म्हणाल्या, "सोमवारी पंप परत ओढ्यात टाकते. पण त्यानंतर त्या मिठाच्या पोत्यावरून तुझ्या सासऱ्याला उठू देऊ नकोस. तुमच्या बायांकडून मला सगळं कळलंय."